थापटण्याचा नाद

उन्हाळ्याची चाहूल प्रत्येकाला निराळ्या वाटेने लागते. विहिरीच्या कातळावरची पाण्याची ओली रेघ दिवसागणिक खाली उतरू लागली की शेतकऱ्याला ती दिसते. शाळकरी मुलांना ती आंब्याखाली गळून पडलेल्या बोराएवढ्या कैऱ्यांत सापडते. पळसाने पाने टाकून अंगावर केशरी फुले मिरवायला आरंभ केला की गुराख्यालाही वेगळे सांगावे लागत नाही. कुंभारवाड्यात मात्र उन्हाळा कानांना कळतो. संक्रांतीची सुगडी विकून संपतात, हुरड्याचे दिवस मागे पडतात, आणि माघातल्या एखाद्या सकाळी ओळीतल्या घराघरांतून तो नाद उठतो : थप्, थप्, थप्. ओल्या मातीवर लाकडी थापटणे पडत असते. तो एकदा सुरू झाला की अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबत नाही.

कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठी असलेल्या एका गावी असा एक कुंभारवाडा आहे. तेथे एके काळी सगळ्याच घरांत चाके फिरत. आता तीनच घरांत फिरतात. त्यांतल्या टोकाच्या घरातील वृद्ध कुंभाराला सारे गाव आबा म्हणते. सत्तरी ओलांडलेल्या आबांची पाठ किंचित वाकली आहे. पण हाताचे पंजे पाहिले तर ते एखाद्या तरण्या मल्लाचे वाटावेत. घरात आजी, मुलगा, सून आणि सहावीत शिकणारी एक नात. या पाचही जणांचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते : माठाचे तीन महिने आणि उरलेले नऊ. उरलेल्या नवांत पणत्या होतात, नवरात्राचे घट होतात, झाडांच्या कुंड्या होतात, बेंदराचे बैल होतात. पण त्या साऱ्यांची कमाई मीठमिरचीला पुरते. घराचे छप्पर, मुलीच्या वह्यापुस्तकांचा खर्च, दुकानदाराची उधारी हे सारे माठाच्या भरवशावर.

म्हणूनच जेव्हा इतर माणसे ऊन वाढू लागले म्हणून कपाळाचा घाम पुसतात, तेव्हा आबा अंगणात उभे राहून आकाशाकडे मोठ्या समाधानाने पाहतात. त्यांना कडक उन्हाळा हवा असतो. ही इच्छा मोठ्याने बोलून दाखवण्याची मात्र त्यांना लाज वाटते. कारण शेजारच्या रानात भुईमूग पाण्यावाचून माना टाकत असतो. शिवाय त्यांना एक गोष्ट अनुभवाने पक्की ठाऊक आहे. ऊन कडक पडले तर माठ हवे असतात सर्वांना, पण विहिरी आटल्या तर ते घ्यायला पैसे कोणाकडेच नसतात. तेव्हा ऊन पडावे, विहिरी मात्र आटू नयेत, असे काहीसे अडचणीचे मागणे ते देवाजवळ मागत असतात.

माठाची सुरुवात मातीपासून होते, आणि मातीची सुरुवात आदल्या उन्हाळ्यापासून. तळ्याचे पाणी हटले की तळाचा चिकण गाळ उघडा पडतो. तो खणून, वाहून आणून अंगणाच्या कोपऱ्यात रचून ठेवायचा. पूर्वी हे काम गाढवांच्या पाठीवर होई. आता ट्रॅक्टरची एक खेप सांगितली की काम भागते. मात्र वीटभट्टीवाल्यांनाही हीच माती लागते, आणि ते तिचा भाव चढवून ठेवतात. माती पावसाळाभर मुरते. मग ती कुटायची, चाळायची, भिजवायची, तिच्यात बारीक राख आणि घोड्याची वाळलेली लीद कालवायची. लीद कशाला, असे नवख्याला वाटेल. त्याचे कारण पुढे येईल.

भिजलेला चिखल पायांनी तुडवण्याचे काम नातीने आपण होऊन स्वीकारले आहे. शाळेत जाण्यापूर्वी अर्धा तास ती त्या थंड, मऊ चिखलात नाचून घेते. हे काम खेळासारखे दिसते, पण त्यात एक जबाबदारी असते. पायाच्या बोटाला हरभऱ्याएवढा जरी खडा लागला तरी तो वेचून बाहेर टाकावा लागतो. मातीत राहून गेलेला चुनखडीचा खडा भट्टीत गपचूप भाजून निघतो, पुढे पाणी लागताच फुगतो आणि चांगल्या माठाची कपची उडवतो. आबा म्हणतात, "हाताला जे कळत नाही ते पायाला कळतं." नातीच्या पायांवर त्यांचा भरवसा आहे, आणि तो आहे हे तिलाही ठाऊक आहे. रोज वेचलेले खडे ती एका फुटक्या पणतीत साठवते आणि संध्याकाळी मोजून दाखवते.

आबांच्या ओसरीवर दोन चाके आहेत. एक लाकडी, जड, काठीने गती द्यायचे, त्यांच्या वडिलांच्या वेळचे. दुसरे विजेचे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ साली कुंभार सशक्तीकरण कार्यक्रम सुरू केला आणि देशभर अशी विजेची चाके कुंभारांना दिली. तशा चाकांची ओळख मग या गावालाही झाली. मुलगा त्याच्यावरच काम करतो. त्याने पाठीचा त्रास वाचतो आणि दिवसाकाठी कितीतरी अधिक नग निघतात, हे आबा मान्य करतात. तरीही पहाटे, वाडा जागा होण्यापूर्वी, ते जुन्या चाकापाशी बसतात. काठीचा एक नेमका झटका, मग दुसरा, आणि चाक भिंगरीसारखे फिरू लागते. त्यांची गती हळूहळू मंदावत जाते, आणि त्या मंदावणाऱ्या गतीतच घडा पुरा करायचा असतो. विजेचे चाक थांबत नाही. म्हणून त्याच्यावर बसलेल्या माणसाला थांबण्याची आठवण राहत नाही, असे त्यांचे गाऱ्हाणे आहे.

माठ चाकावर तयार होतो असे आपण सारे समजतो. ते अर्धेच खरे आहे. चाकावरून जो उतरतो तो असतो जाड भिंतीचा, आखूड, बेढब असा मातीचा गोळा. त्याची मान आणि काठ तेवढे रेखीव असतात. त्याला बूडच नसते! सुताने कापून घेतला की त्याच्या खाली चांगला हात जाईल एवढे भोक उरते. काही तास सावलीत ठेवून तो जरा आवळला की खरे काम सुरू होते. आबा त्याला मांडीवर घेतात, डाव्या हाताने आत एक गुळगुळीत गोटा धरतात आणि उजव्या हाताने बाहेरून थापटणे चालवतात. गोट्याला माती चिकटू नये म्हणून तो राखेत बुडवून घ्यायचा. आतला हात दिसत नाही. बाहेरचा हात जेथे पडेल तेथेच, नेमक्या त्याच क्षणी, तो आत हजर हवा. तो क्षणभर चुकला तर भिंत फाटते. थापटता थापटता जाड भिंत पातळ होते, पोट फुगत जाते, खालचे भोक चहूकडून आवळत आवळत मिटून जाते. पुन्हा वाळवायचे, पुन्हा थापटायचे. असे तीनदा झाले म्हणजे त्या बेढब गोळ्याचा तुकतुकीत माठ होतो.

हे तंत्र फार जुने आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेव्हा सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीत घरे आणि धान्याची पेवे यांच्याबरोबर मडकी भाजण्याची भट्टीही सापडली. गव्हाची शेती करणाऱ्या त्या माणसांना राजा होता की नव्हता यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. कुंभार होता, हे निश्चित. आबांना या उत्खननाची माहिती नातीने सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "भट्टीचं तोंड कुठल्या दिशेला होतं?" पुस्तकात ते दिलेले नव्हते.

थापटण्याविषयी दुसरी एक कथा मात्र त्यांना तोंडपाठ आहे, आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ती ऐकावी लागते. तेरच्या संत गोरोबांनी जमलेल्या संतमंडळींच्या डोक्यावर थापटण्याने हलकेच मारून कोणाचे मडके पक्के आणि कोणाचे कच्चे याची परीक्षा केली, अशी ती कथा. सारे शांत बसले. नामदेव तेवढे रागावले आणि कच्चे ठरले. ही गोष्ट सांगताना आबा हातातला माठ वाजवून दाखवतात. नीट भाजलेला माठ खणखणीत बोलतो. तडा गेलेला असेल तर घोगरा.

आता लीदेचे कारण. भट्टीत माठ भाजताना मातीतली लीद आणि काडीकचरा जळून जातो आणि त्यांच्या जागी डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे उरतात. माठातले पाणी त्या छिद्रांतून झिरपून बाहेरच्या अंगावर येते आणि वाऱ्याने उडून जाते. पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते. ती उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. १ ग्रॅम पाणी असे उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. तेवढी उष्णता काढून घेतली तर ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी थंड होते. म्हणजे माठ आपल्या पोटातले थोडे पाणी देऊन टाकतो आणि बाकीचे गार करतो. हवा जितकी कोरडी तितके हे काम वेगाने होते. म्हणून देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात माठाचे पाणी दात शिवशिवावे इतके गार लागते. कोकणच्या दमट हवेत तोच माठ बिचारा आळसावून बसतो.

तेव्हा कुंभाराचे सारे कौशल्य एका विचित्र वस्तूत एकवटलेले असते. त्याला गळणारे भांडे करायचे असते, पण ते गळता कामा नये! माती कमी भाजली तर माठ पाण्याने मऊ पडतो. जास्त भाजली तर छिद्रे आवळतात आणि पाणी गार होत नाही. या दोहोंमधली जागा अरुंद आहे, आणि ती दाखवणारे कोणतेही यंत्र आबांच्या घरी नाही. ज्वाळेचा रंग पाहून ते ठरवतात.

शिवाय या छिद्रांतच कुंभाराची भाकरी दडलेली आहे. विहिरीच्या पाण्यातले क्षार हळूहळू त्यांत साचतात. एकदोन उन्हाळे गेले की माठाच्या अंगावर पांढरी पुटे चढतात आणि पाण्याचा गारवा उतरतो. मग तो माठ वळचणीला जातो, त्यात तुळस किंवा गवती चहा लावला जातो, आणि घरची बाई नवा माठ आणायला निघते. माठ चिरकाल टिकता तर कुंभारवाडे केव्हाच ओस पडले असते.

फाल्गुनात ओसरी, पडवी, माजघर, सारी जागा माठांनी भरून जाते. निजायला जागा उरत नाही. माणसे अंगणात येतात. दिवसभर चटका आणि पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटावे असा गारवा, असे ते दिवस असतात. कडुनिंबाला मोहर आलेला असतो आणि रात्री त्याचा मंद कडवट वास अंगणभर पसरतो. आबा बाजेवर पडून माठ मोजतात. बोटांनी मोजायची त्यांना गरज नसते. पडवीच्या दारातून आत पाहिले की आकडा कळतो. त्या आकड्याकडे पाहत निजणे हे त्यांच्या वर्षातले मोठे सुख आहे.

पण कच्च्या माठाइतकी हळवी वस्तू जगात दुसरी नसेल. ऊन थेट लागले तर तो एका अंगाने लवकर वाळून तडकतो, म्हणून सावली हवी. कोरडा वारा सुटला तर काठांवर ओली पोती टाकावी लागतात. आणि पाऊस आला तर? महिनाभराची मेहनत घटकाभरात पुन्हा चिखल होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली तिची आठवण निघाली की आजी अजून हात जोडते. २०२० च्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता, गाराही नव्हत्या. माठ उत्तम भाजून तयार होते. पण २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली, आठवड्याचे बाजार बंद झाले, आणि ऐन पाडव्याच्या दिवशी ते माठ ओळीने अंगणात उभे राहिले. त्या वर्षी आबांनी वाड्यातल्या प्रत्येक घरी दोन दोन माठ नुसतेच नेऊन दिले. ठेवायला जागाच नव्हती, एवढेच कारण ते सांगतात.

पाडव्याला आठ दिवस राहिले असताना यंदाचा मोठा आवा लागला. आवा म्हणजे मडकी भाजण्याची रचलेली भट्टी. तळाशी गोवऱ्यांचा थर, त्यावर लाकूड, त्यावर माठ एकमेकांना टेकवून आडवे रचलेले, पोकळ्यांतून पुन्हा गोवऱ्या, आणि सर्वांवर उसाच्या पाचटाची जाड दुलई. वर फुटक्या खापऱ्या आणि चिखलाचा लेप. हवा खेळती ठेवली तर माठ तांबडे निघतात. धूर आतच कोंडला तर काळे. सासू-सुनेने आदल्या दिवशी एकेका माठाला कावेचा हात दिला होता. सकाळपासून दोघींनी कोणाशी फारसे बोलणे केले नाही. आवा रचायच्या दिवशी घरात मोठ्याने बोलायचे नाही, अशी त्या घरची रीत आहे. आणि आजीच्या मते भांड्यांनाही भांडण ऐकू येते.

दुपारनंतर पश्चिमेला ढग दिसू लागले. मुलगा मोबाइलवर हवामानाचा अंदाज पाहत होता आणि दर घटकेला वेगळा आकडा सांगत होता. नातीने विचारले, "आबा, पाऊस येईल का हो?"

"वाऱ्याला विचार," आबा म्हणाले.

त्यांनी चिमूटभर राख घेऊन वर उडवली. ती नदीच्या बाजूला गेली. ते आणखी काही वेळ उभे राहिले, पुन्हा राख उडवली. पुन्हा ती तिकडेच गेली. आवा न लावावा तर रचलेले कच्चे माठ रात्रभर उघड्यावर राहणार. लावावा आणि सर आली तर तापलेले माठ फुटून जाणार. कोणीही काही बोलले नाही. दिवस मावळता मावळता आबांनी चुलीतला निखारा खापरीत घेतला, आव्याला नमस्कार केला आणि तो तोंडाशी सारला.

अशी रात्र कुंभाराच्या घरी निजण्याची नसते. पाचटातून आधी पांढरा धूर निघाला, मग पिवळा, मग लेपाच्या भेगांतून आतली लाली दिसू लागली. आतले तापमान या वेळी ७००-८०० अंश सेल्सिअसपर्यंत चढलेले असते. सुमारे ६०० अंशांपलीकडे गेलेली माती पुन्हा कधी पाण्यात कालवली जात नाही. तिचे मातीपण तेथे संपते. बाहेर मात्र वेगळाच सोहळा चालला होता. कडेच्या निखाऱ्यांत नातीने वांगी आणि कांदे पुरून ठेवले होते. ते भाजले की सोलून, मीठ-तेल-मिरची घालून, ज्वारीच्या भाकरीबरोबर सर्वांनी आव्याच्या उजेडात खाल्ले. ही चव वर्षातून दोनचार वेळाच मिळते, म्हणून नात त्या रात्रींची वाट दिवाळीसारखी पाहते. मध्यरात्री चार टपोरे थेंब पडले. आजीने हातातला घास खाली ठेवला. आणखी चार पडले, लेपावर चर्र आवाज झाला, आणि मग ढग नदीपलीकडे निघून गेले.

आवा निवायला दीड दिवस लागतो. मुलाला घाई होती, कारण गुरुवारचा बाजार साधायचा होता. पण गरम माठाला गार वारा लागला की तो हाय खातो. आबांनी त्याला शुक्रवारपर्यंत हात लावू दिला नाही. बाजार गेला. शुक्रवारी सकाळी लेप फोडला. पहिला माठ आबांनी दोन्ही हातांनी उचलला, राख झटकली, बोटाच्या पेराने वाजवला. तो खणखणीत बोलला. मग दुसरा, तिसरा. घोगरे निघाले ते आजी बाजूला ठेवत होती. शंभरावर माठांत अकरा घोगरे निघाले आणि एक वाकडा. "अकराच!" असे ती इतक्या आनंदाने म्हणाली, की ऐकणाऱ्याला काही लाभ झाला असे वाटावे.

पुढच्या बाजारात आजी रस्त्याच्या कडेला माठ मांडून बसली. समोरच राजस्थान-गुजरातकडून ट्रकने आलेले, रंगीत वेलबुट्टीचे, नळ बसवलेले माठ होते. मुलानेही यंदा काही माठांना नळ बसवले आहेत. आबांना ते आवडत नाही. पण नळामुळे पाण्यात कोणाची बोटे बुडत नाहीत, हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही, आणि नळाचे माठच आधी संपले. एका तरुण बाईने माठ हातात घेऊन विचारले, "आजी, घरात फ्रिज आहे, पण सासऱ्यांना त्याचं पाणी सोसत नाही. हा गळणार नाही ना?"

"गळणार नाही, बाई. पण घाम येईल. ज्याला घाम येत नाही, तो माठ कसला?" आजी म्हणाली. मग तिने न विचारता सारे सांगितले : पहिला दिवसभर पाणी भरून ठेवा आणि ते झाडांना घाला, खाली वाळू पसरा, आतून साबण लावू नका, वाऱ्याच्या जागी ठेवा. बाईने किंमत थोडी कमी करायला सांगितली. आजीने थोडी कमी केली. दोघींनाही आपण जिंकलो असे वाटले.

वाकडा निघालेला तो एक माठ विकायला नेला नव्हता. आव्यात शेजारच्या माठाच्या भाराने तो एका कुशीला दबला होता, पण आवाज त्याचा स्वच्छ होता. आबांनी तो दारासमोरच्या कडुनिंबाखाली, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी, वाळूच्या ओट्यावर बसवला आणि वर येळणी झाकली. ऊसतोडीहून परतणारे मजूर, मेंढरे घेऊन जाणारे धनगर, शाळेतून येणारी मुले तेथे थांबतात आणि पितळी ओगराळ्याने पाणी घेऊन पितात. झिरपलेल्या पाण्याने खालची वाळू सदा ओली असते. नातीने त्या वाळूत कोणाला न सांगता मूठभर मोहरी टाकून ठेवली आहे. चौथ्या दिवशी पहाटे आबा चाकावर बसायला निघाले, तेव्हा माठाच्या भोवती हिरव्या रंगाची एक बारीक रेघ उगवलेली त्यांना दिसली. त्यांनी वाकून ती पाहिली आणि ओगराळे दुसऱ्या बाजूला ठेवले, कोणाचा पाय पडू नये म्हणून.